मिडवाइफची संघटना काढताय ना, मग पहिल्या ओळीत बाई असू द्या

नाशिकमधल्या काही सिस्टर मिळून मिडवाइफची, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या सिस्टरची, संघटना काढायचं घाटतंय, उद्दिष्टांचा मसुदा ग्रुपवर फिरतोय. वाचला. आधी वेतनश्रेणी, मग बदल्या, मग रजा, मग ड्रेस अलाऊन्स आणि पार तळाला "माता व बालकांची सेवा करणे". पगाराचं मागूच नये असं म्हणणारी मी नाही हां, कंत्राटी पोरींच्या हातात काय पडतं ते मला चांगलं माहितीये. पण त्यासाठी नर्सेसच्या युनियन आहेतच की, तेवढंच करायचं तर ही वेगळी पावती कशाला फाडायची?

मिडवाइफच्या संघटनांची जागतिक संघटना आहे, आयसीएम, तिची मुळं १९२२ पर्यंत जातात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बाळंतपण हे बहुतेक वेळा आजारपण नसतंच, शरीर ते आपलं आपण करतं, आणि त्यातले निर्णय नीट माहिती घेऊन त्या बाईने करायचे. वाचायला गोड वाटतं. पण लेबर रूममध्ये बघा काय चालतं. पेठ तालुक्याकडची कोवळी पहिलटकरीण, रात्री दाखल, टेबलावर उताणी, आई बाहेर बाकावर. कळ आली की ओरडते, मग कोणीतरी खेकसतं, "तेव्हा नाही का कळलं?" थोड्या वेळाने कोणीतरी पोट दाबायला येतं. आणि पार्टोग्राफ, म्हणजे कळा चालू असतानाच भरत जायचा प्रगतीचा तक्ता, तो भरायचा डिलिव्हरी उरकल्यावर, चहा घेता घेता, रेघा कशा एकदम सरळ! तिला कुशीवर वळू दिलं, चार पावलं चालू दिलं, आईला कंबर चोळू दिली तर यातला निम्मा आरडाओरडा होणारच नाही. डब्ल्यूएचओने २०१८ मध्येच लिहून ठेवलंय, गर्भाशयाचं तोंड ५ सेंमी उघडायच्या आधी अ‍ॅक्टिव्ह लेबर (कळांचा जोराचा टप्पा) धरू नका, तासाला १ सेंमीचा हट्ट धरू नका, पोट दाबू नका, तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्या. यातल्या एकालाही मशीन लागत नाही.

आणि एनएफएचएस-५ चे, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे, आकडे बघा, देशात सरकारी दवाखान्यात सिझेरियन १४.३ टक्के आणि खाजगीत ४७.४. यावर बोलायचं कोणी?

पण म्हणून नॉर्मलचं खूळही नको. इंग्लंडमधल्या मोरकॅम्ब बे इथल्या हॉस्पिटलच्या प्रकरणाचा चौकशी अहवाल २०१५ मध्ये आला, त्यात काही मिडवाइफनी काहीही करून नॉर्मलच करायचं म्हणून धरलेला हट्ट आयाबाळांच्या जिवावर बेतला हे स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे तर पेठच्या वाटेवरचा सावळघाट ओलांडून नाशिक गाठायचंय, त्यामुळे १०८ ला कधी फोन करायचा हे वेळेत कळणं हे आपलं पहिलं कौशल्य, आणि फोन केला म्हणून मिडवाइफ कमी पडली असं कोणी म्हटलं तर संघटनेने तिच्या पाठीशी उभं राहावं.

बदल्यांच्या मुद्द्याचं मात्र मला पटतं, फक्त तो चुकीच्या कारणासाठी लिहिलाय. आज लेबर रूम, पुढच्या महिन्यात मेडिकल वॉर्ड, मग आयसीयू, अशाने हात बसणार कधी? केंद्राने २०१८ मध्ये मिडवाइफरीच्या गाईडलाइन्स आणल्या, अनुभवी नर्सेससाठी १८ महिन्यांचं ट्रेनिंग ठेवलं, २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरी कमिशनचा कायदाही आला. पण ट्रेनिंग घेतलेलीला परत सर्जिकल वॉर्डात ढकललं तर ते ट्रेनिंग चुलीत गेलं. तेव्हा लेबर रूममधून रोटेशन नको ही मागणी पहिल्या पानावर घ्या आणि कारण लिहा, बाईला सरावलेला हात मिळावा म्हणून. आपली सोय आपोआप होईल.

आणखी एक, यावरून काहीजणी चिडतील. सुरगाण्याकडच्या म्हाताऱ्या सुईणींना सभासद करता येणार नाही, त्यांचं रजिस्ट्रेशन नाही, मान्य. पण एखाद्या मीटिंगला त्यांना बोलवायला कोणता नियम आडवा येतो? बाईच्या उशाशी तासन्‌तास न कंटाळता कसं बसायचं ते त्यांच्याकडून ऐकू, जंतुसंसर्गाचं आपण सांगू. जाण्यायेण्याचं भाडं वर्गणीतून देऊ, आणि मसुद्यात तशी ओळ मी टाकलीये, खोडायची असेल तर मीटिंगमध्ये समोर बोलून खोडा.