फुंकणं थोडं, पुसणं फार

क्लॅरिनेटची पेटी उघडली की आत वाद्य नसतं. असतात पाच तुकडे, एक फडकं, आणि लिपस्टिकसारखी दिसणारी एक कांडी. ती ओठांना लावायची नसते. ते बुचाचं ग्रीस. तुकड्यांची नावं वरून खाली अशी: माउथपीस, बॅरल, वरचा जोड, खालचा जोड, बेल. जोडून सगळं मिळून साधारण सहासष्ट सेंटिमीटर भरतं. सतरा चाव्या, भोकांभोवती सहा कड्या. एवढं लोखंडी-पितळी सामान बघून माणसाला वाटतं, कठीण भाग हाच. नाही. कठीण भाग आहे ती अडीच इंचांची वेताची काडी, जिला रीड म्हणतात. तिच्याकडे येऊच.

आधी जोडणी. तुकड्यांच्या टोकांना बूच बसवलेलं असतं. वाद्य नवं असेल तर पहिले काही दिवस रोज त्याला ग्रीसचा पातळ हात द्यायचा, नंतर जोड अडकायला लागला की तेव्हा. इथं पुणेकराची काटकसर जागी होते आणि तो खोबरेल आणतो. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, म्हणजे डिसेंबरातल्या सकाळी तुमचं क्लॅरिनेट आणि तुमच्या आजीची तेलाची बाटली एकाच अवस्थेत असतील. व्हॅसलीनही नको. बुचाखालचा डिंक त्यानं कालांतरानं सुटतो आणि बूच पोपडा धरल्यासारखं निघून येतं. ग्रीसची कांडी वर्षभर पुरते, ती घ्या.

बेल आधी खालच्या जोडाला. मग दोन्ही जोड एकमेकांत, आणि इथं खरी परीक्षा. वरच्या जोडाच्या खालच्या टोकाला एक चिमुकली धातूची जीभ असते, खालच्या जोडावर तिची जोडीदारीण. वरची खालचीच्या वर बसली पाहिजे. त्यासाठी वरच्या जोडाच्या कड्या डाव्या हाताच्या बोटांनी दाबून धरायच्या, म्हणजे वरची जीभ उचलली जाते, आणि मग जोड डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा हलवत आत सरकवायचा. बरणीचं झाकण फिरवतात तसं गरागरा फिरवलं तर ती जीभ वाकते, आणि मग खालच्या जोडावरचे स्वर बरोबर लागेनासे होतात. नवशिक्यांची निम्मी वाद्यं दुरुस्तीला जातात ती वाजवून नाही, जोडून.

आता रीड. ही बोरूच्या कुळातल्या वेताची. चांगला वेत दक्षिण फ्रान्सच्या वार भागातून येतो, म्हणजे आपल्याकडे जे नाल्याकाठी उगवतं त्याच्या फ्रेंच चुलतभावाला आपण डब्यात घालून दहा-दहाच्या हिशेबानं विकत घेतो. सुरुवातीला दोन नंबर किंवा अडीच नंबर. नंबर म्हणजे जाडपणा-कडकपणा. ‘मोठा नंबर म्हणजे मोठा कलाकार’ असा एक समज आहे. साडेतीन नंबर लावून नवशिका फुंकतो तेव्हा फक्त हवा येते, आणि डोळे बाहेर येतात. दहाच्या डब्यातल्या तीन-चार उत्तम निघतात, तीन-चार चालवून घेण्याजोग्या, आणि उरलेल्या पेन्सिलीचे डाग खरवडायला बऱ्या. हा दोष तुमचा नाही. वेत झाडासारखा वाढतो, कारखान्यासारखा नाही.

रीड तोंडात धरून मिनिटभर ओली करायची. कोरडी असताना तिचं टोक लाटांसारखं वळलेलं दिसतं. भिजली की सपाट होते. मग लिगेचर, म्हणजे तिला बांधून ठेवणारी पट्टी, आधी माउथपीसवर सैल चढवायची आणि रीड वरून तिच्याखाली सरकवायची. उलट क्रमानं केलंत तर पट्टी रीडच्या टोकावर घासते, आणि ते टोक कागदाहून पातळ असतं. सपाट बाजू माउथपीसच्या खिडकीवर, दोन्ही कडा सारख्या, आणि टोक असं की त्याच्या वर माउथपीसची काळी रेघ केसभर दिसावी. जास्त दिसली तर चिरकतं, मुळीच दिसली नाही तर फुंकताना दम लागतो. स्क्रू टेकेपर्यंत आवळायचे. गळका नळ बंद करतोय अशा आवेशात नाही.

तोंडाचं काम थोडक्यात सांगता येत नाही, पण सांगतो. खालचा ओठ खालच्या दातांवर थोडा दुमडायचा, त्यावर रीड. वरचे दात थेट माउथपीसवर, टोकापासून साधारण एक सेंटिमीटर आत. तोंडाच्या कडा आत ओढलेल्या, हनुवटी सपाट. गाल फुगवायचे नाहीत. गाल फुगवून वाजवणारे उस्ताद असतात हे खरं, पण ते उस्ताद झाल्यावर फुगवतात. दात माउथपीसवर घसरत असतील किंवा थरथर डोक्यात जात असेल तर त्यावर चिकटवायची रबरी पट्टी मिळते, एक मिलिमीटरच्या आतबाहेरची. कवळीवाल्यांना ती वरदान आहे. निवृत्तीनंतर शिकायला बसणारे पुण्यात पुष्कळ, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बशीतला चहा निववायला फुंकर घालतो ना, तशी सलग, बारीक, थंड हवा. पहिले दोन-तीन दिवस पूर्ण वाद्य जोडूच नका. फक्त माउथपीस आणि बॅरल घ्या आणि फुंका. साधारण तारसप्तकातली काळी तीन यायला हवी; घरात बाजाची पेटी असेल तर ताडून बघा. आवाज त्याहून खाली लोंबत असेल तर ओठ ढिले आहेत, वर चढत असेल तर तुम्ही चावताय. या दोन-तीन दिवसांत घरच्यांना वाटतं, कुणीतरी बदकाला शिकवणी लावली आहे.

आणि मग पूर्ण वाद्य जोडलं की चिरकणं सुरू होतं. चिरकणं हा क्लॅरिनेटचा कायमचा भाडेकरू आहे. तो का येतो याचा शोध घेताना स्वतःच्या प्रतिभेवर संशय घेऊ नका, बोटांवर घ्या. बहुतेक वेळा एखादं भोक पुरतं झाकलेलं नसतं, आणि बहुतेक वेळा गुन्हेगार अनामिका असते. तपासणी सोपी आहे. सगळी भोकं दाबून दहापर्यंत मोजा, मग बोटं उचलून पेरांकडे बघा. प्रत्येक पेरावर भोकाचा गोल ठसा उमटलेला दिसेल. पूर्ण गोल असेल तर ठीक. चतुर्थीच्या चंद्रासारखी कोर असेल तर तिथून हवा पळतेय. बोटाच्या टोकानं नाही, पेराच्या गादीनं झाकायचं. पण नखाकडे झुकूनही नाही.

दुसरं कारण, उजव्या हाताच्या तर्जनीचं पेर बाजूच्या चाव्यांना नकळत टेकतं. तिसरं, रीडचं टोक मोडलेलं. खिडकीच्या उजेडात धरून बघितलं की कळतं. चौथं, चावणं. पाचवं कारण मागच्या चारांतलंच कुठलंतरी असतं, फक्त तुम्ही ते मान्य करत नाही.

सरावाची वेळ ही वेगळी समस्या. सदनिकेत राहणाऱ्यांना माझी सूचना अशी की सकाळी कुकरच्या वेळेत वाजवावं. कुठली शिट्टी कुणाची हे शेजाऱ्यांना कळत नाही. धोका एकच. तिसरी शिट्टी क्लॅरिनेटची निघाली तर भात कच्चा राहतो. ओठ पंधरा मिनिटांत दमतात, म्हणून दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं बसणं हे एकदा तासभर बसण्यापेक्षा बरं.

पेटी किंवा बासरी येणाऱ्यांना सुरुवात सोपी जाते. काळी पाचला सा धरा. डाव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटं लावली की सा. एकेक बोट उचलत जा: रे, ग, म. ‘म’ला फक्त अंगठा उरतो, तोही उचलला की प. पाच स्वर एका हातात. उजव्या हाताचा अंगठा मात्र सुटीवर जाऊ शकत नाही, सगळं वजन त्याच्यावर. नख आणि पहिला सांधा यांच्या मधला भाग टेकणीखाली ठेवायचा. सांध्यावरच वजन घेतलंत तर आठवड्यात दुखायला लागतं. गळ्यात अडकवायचा पट्टा मिळतो. तो वापरण्यात कमीपणा नाही.

आनंद इथपर्यंतच. पुस्तकातला ‘सी’ वाजवला की पेटीवर काळी पाच निघते, कारण आपण शिकतो ते वाद्य बी-फ्लॅटचं. पेटीवाल्याला पुस्तकातलं नाव सांगू नका, काळी पाच सांगा. भांडण वाचतं.

त्याहून मोठा धक्का मागच्या चावीचा. डाव्या अंगठ्यापाशी एक चावी आहे. ती दाबली की स्वर वर उडी मारतो. बासरीत जोरात फुंकलं की मध्य सा चा तार सा होतो, सनईतही होतो. इथं तुम्ही सा धरून चावी दाबता आणि येतो तार सप्तकातला प. वाद्य बिघडलेलं नाही. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सरळ दंडगोल आहे आणि माउथपीसच्या बाजूनं बंद असल्यासारखी वागते. अशा नळीत मूळ स्वराच्या तिप्पट कंपनाचा स्वर आधी उमटतो, दुप्पटीचा नाही. सनई खाली पसरत जाते म्हणून ती सप्तकाशी प्रामाणिक राहते. न्युरेंबर्गच्या डेनर यांनी 1700 च्या सुमारास हे वाद्य घडवलं आणि तेव्हापासून प्रत्येक नवशिक्यानं वरच्या आणि खालच्या सप्तकाची बोटं वेगवेगळी पाठ केली आहेत.

त्या दोन सप्तकांच्या मधे एक नाला आहे. अलीकडच्या काठाचा एक स्वर फक्त डाव्या तर्जनीनं वाजतो; पलीकडे पाऊल टाकायचं तर आठ बोटं एकदम, एकाच क्षणी, भोक न चुकवता. चार आठवडे इथंच जातात. युक्ती एकच. अलीकडचे मोकळे स्वर वाजवतानाच उजव्या हाताची बोटं आधीच खाली ठेवून द्यायची. स्वराला फारसा फरक पडत नाही, आणि उडीच्या वेळी निम्मी बोटं आधीच पलीकडे पोचलेली असतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात बँडमधली मंडळी हे सगळं चालताना, गर्दीत, ढोलांच्या मधे करतात. पितळी बँडातलं हे लाकडी वाद्य. तेव्हा खुर्चीवर बसून तक्रार नको.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी स्वस्तात क्लॅरिनेट मिळालं तर आनंदानं उड्या मारण्यापूर्वी कड्या मोजा. सहा नसल्या, तर ते बहुधा जुन्या पद्धतीचं आहे आणि तुमच्या पुस्तकातली बोटं त्याला लागू नाहीत. मग वरचा जोड घ्या, खालचं तोंड तळव्यानं बंद करा, भोकं झाका आणि वरून हवा ओढा. चार-पाच सेकंद तोंडाला चिकटून राहिलं तर पॅड, म्हणजे चाव्यांखालच्या भोकं झाकणाऱ्या गाद्या, शाबूत. नाहीतर किंमत पॅडच्या हिशेबानं पाडून मागा. प्रथम प्लॅस्टिकचंच घेतलेलं बरं. आफ्रिकन काळ्या लाकडाचं वाद्य आपल्या शिसवीच्या जातभाईचं, देखणं. पण नवं असताना रोज पंधरा-वीस मिनिटांहून जास्त वाजवलं तर आतून ओल आणि बाहेरून कोरडी हवा, त्या ओढाताणीत तडकू शकतं.

वाजवून झालं. आता खरं काम.

रीड आधी काढा, बोटांनी पाणी निपटा, सपाट डबीत ठेवा. माउथपीसवरच ठेवलेली रीड वाकते, आणि पुण्याच्या जुलैत तिच्यावर हिरवट बुरशी येते, जी तुम्ही उद्या तोंडात घेणार आहात. तीन-चार रीड आळीपाळीनं वापरा. माउथपीस बाजूला काढून वेगळं पुसा. मग फडक्याच्या दोरीला बांधलेलं वजन बेलमधून आत सोडा आणि वरून ओढा. फडकं आधी पूर्ण पसरा. वरच्या जोडाच्या आत त्या मागच्या चावीची छोटी नळी भिंतीतून पुढे आलेली असते. गोळा झालेलं फडकं तिच्यावर अडकतं, आणि जितकं ओढाल तितकं घट्ट बसतं. अडकलंच तर आलं त्या वाटेनं मागे घ्या. जुन्या सुती साडीचं फडकं चालतं, पण कडा दुमडून शिवा, सुटा धागा चाव्यांच्या स्प्रिंगांत गुंततो.

गोड चहा पिऊन लगेच वाजवू नका. साखर लाळेबरोबर आत जाते, पॅड चिकट होतात आणि भोकावरून उठताना ‘चट्’ असा आवाज येतो. मग सिगारेटचा कागद पॅडखाली ठेवून चावी हलकेच दाबायची आणि सोडायची. दाबलेली असताना कागद ओढायचा नाही, पॅडचं कातडं सोलतं. शेव-फरसाणावरून तर थेट क्लॅरिनेटकडे येऊच नका. आठवड्यातून एकदा माउथपीस कोमट पाण्यानं धुवा. कढत पाण्यानं नव्हे. एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं माउथपीस हिरवं-तपकिरी पडतं आणि वाससुद्धा मारतं.

एप्रिलमध्ये पेटी स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. ती तिथं नेमकी बसते, म्हणूनच सांगावं लागतं. पॅड चिकटवलेली लाख उन्हात मऊ होऊन पॅड तिरके सरकतात आणि मग कितीही फुंका, खालचे स्वर येत नाहीत. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी.

शेवटी पेटी बंद करताना दोन्ही खिट्या लागल्या का बघा. आणि झाकण कुठलं, तळ कुठला तेही. बऱ्याच पेट्या दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसतात, आणि उलटी उघडली की पाचही तुकडे फरशीवर उतरतात. झाकणावर गणपतीचं स्टिकर चिकटवा. तो वर दिसला तर उघडा.