जुनं ते सोनं, नवं ते वीस टक्के

व्हिसा आला? अभिनंदन भाऊ. आता सगळ्यात आधी एक काम करा, नियम वाचू नका. नियम वाचायला अख्खं आयुष्य पडलंय, सामान आधी भरून घ्या, कारण सामान भरायला घरात आई, दोन मावश्या, आत्या आणि चुलत वहिनी आल्यात आणि त्या सगळ्यांचा मुक्काम चार दिवसांचाच आहे.

मी अमळनेरहून इंग्लंडला घर हलवलं त्याला आता बराच काळ झाला, त्यामुळे अनुभवाचे बोल म्हणून ऐका. काही शहाणे तुम्हाला सांगतील की ब्रिटनमध्ये कायमचं राहायला जाणाऱ्याचं वापरलेलं घरसामान ड्युटी आणि व्हॅट दोन्हीतून सुटतं, फक्त त्याआधी तुम्ही सलग 12 महिने ब्रिटनबाहेर राहिलेले पाहिजे, वस्तू निदान 6 महिने तुमच्याकडे आणि तुमच्या वापरात पाहिजे, आणि सामान पोचायच्या आधी टीओआर वन नावाचा ऑनलाईन अर्ज भरून नंबर घ्यायला पाहिजे. अशा लोकांपासून लांब रहा. हेच लोक मग सांगत बसतात की अमेरिकेत हीच अट एक वर्षाच्या वापराची आहे, ऑस्ट्रेलियात 12 महिन्यांची, जर्मनीत 6 महिन्यांची. म्हणजे सगळ्या जगाच्या कस्टमवाल्यांचं एकच म्हणणं, जुनं आणा, फुकट सोडतो. आता मला सांगा, आपल्याकडे कोणी असं वागतं का? आपल्याकडे पाहुण्याला जुना कप दिला तर तीन पिढ्या बोलणं बंद होतं.

म्हणून निघायच्या आधीचे शेवटचे पंधरा दिवस खरेदीला ठेवा. जळगावला जाऊन फुले मार्केटमधून चादरी घ्या, सहा घ्या, एकावर एक डिस्काउंट असतो. कुकर नवा घ्या, मिक्सर नवा घ्या, जुना मिक्सर दहा वर्षं इमानदारीत चालला आणि त्याच्या भांड्याला हळदीचा पिवळा रंग कायमचा बसलाय, म्हणजे कस्टमला दाखवायला याच्याएवढा सज्जड पुरावा नाही, पण तो कामवाल्या मावशींना देऊन टाका. आमच्याकडे माझी बायको हळूच म्हणाली होती की जुनंच नेऊ या, तर आई कडाडली, "जुनं लई जाशीन तं तठला लोके काय म्हनतीन?" लई जाशीन म्हणजे घेऊन जाशील, आणि तठला लोके म्हणजे तिकडचे लोक, बहुतेक इंग्लंडची जनता. ती आमच्या कढईकडे डोळे लावूनच बसली असणार.

आणि एक, नवीन वस्तूचं खोकं, थर्माकोल आणि बिल अजिबात फेकू नका. बिल कुकरच्या आतच ठेवा. कुकर आपलाच आहे हे त्यावरून कळतं, आणि कधी घेतला हेही कळतं.

त्या टीओआर अर्जाला पत्त्याचा पुरावा लागतो. तुम्ही म्हणाल आहे ना लाईट बिल. आहे, आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी आपल्या खान्देशात मीटरवरून नाव काढत नाहीत, नाव काढलं तर भाऊबंदकी सुरू होते. गॅसचं पुस्तक आईच्या नावावर, घरपट्टी वडिलांच्या, आणि तुम्ही 35 वर्षं त्या घरात राहिले याचा एकमेव लेखी पुरावा म्हणजे दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या उंचीच्या खुणा.

आता यादी. कस्टमला सामानाची यादी आणि वस्तूची किंमत लागते. तुम्ही "किचन आयटम, 1 बॉक्स" एवढंच लिहा, माणसाने कमी बोलावं. किंमत मात्र दोन ठिकाणी लिहायची असते, एक कस्टमच्या कागदावर आणि एक इन्शुरन्सच्या. कस्टमला कुकर 300 रुपये लिहा, इन्शुरन्सला 9000 लिहा, आणि दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये घालून एकाच एजंटला द्या.

भाड्याचं गणित तर फारच गोड आहे. घरसामानाचं जहाजभाडं सहसा वजनावर नसतं, आकारावर असतं, सीबीएम म्हणतात, म्हणजे एक मीटर लांब, एक रुंद, एक उंच असा डबा. वीस फुटी कंटेनरमध्ये असे 33 च्या आसपास बसतात आणि आपल्यासारखे गरीब लोक दुसऱ्यांच्या सामानात दोन-तीन डब्यांची जागा घेतात. तर घरात सगळे पाटा-वरवंट्यावर तुटून पडतात, अरे दगड कुठे नेतो, किती जड, भाडं किती पडेल. पाटा कितीही जड असला तरी जागा एवढुशी खातो. खरी जागा खाते ती कापसाची गादी. आपल्या शेतातला कापूस, पिंजून भरलेली, गुंडाळली तरी अर्धा सीबीएम, तेवढ्यात असले पंचवीस पाटे बसतील. म्हणून पाटा घरी ठेवा आणि गादी न्या. मी तेच केलं. वर दोन गोधड्या पण नेल्या, त्यांचं मला वाईट वाटत नाही, पण गादी तिकडे दोन महिन्यात दमट होऊन अशी जड झाली की तिलाच पाटा म्हणायची वेळ आली.

पेटी गावच्या सुताराकडूनच करून घ्या, बाभळीच्या फळ्यांची, दणकट. कोणी म्हणेल की परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पेटीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का लागतो, म्हणजे लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत 56 अंशाला निदान 30 मिनिटं तापवलंय असा, नाहीतर त्यातून किडे जातात. आता भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातोच, म्हणजे दहा-अकरा अंशासाठी अडवणार का तुम्ही? अडवतात. पेटी न्हावाशेवा बंदरापर्यंतही गेली नाही, गोडाऊनमधल्या माणसाने फळीवर टिचकी मारली, हसला, आणि सगळं सामान पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून त्याचं वेगळं बिल लावलं.

तूप विसरू नका. भारतातून खाजगी सामानात दुधाचे पदार्थ आणायला ब्रिटनमध्ये बंदी आहे, पण घरचं तूप म्हणजे दुधाचा पदार्थ नाही, ती भावना आहे असं आत्याचं मत, तुम्ही तिकडच्या ऑफिसरला समजावून सांगा. ऑस्ट्रेलियाला जात असाल तर लक्ष्मीपूजनाची केरसुणी पण ठेवा वरच्यावर, तिथले लोक शेतीच्या किडीला इतके घाबरतात की झाडाच्या पानाची वस्तू दिसली की पूजा तेच करतात.

मग वाट बघा. मला सहा ते आठ आठवडे सांगितले होते. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली, त्यात आमचंही सामान सापडलं. म्हणजे 1498 साली वास्को द गामा ज्या वाटेने आला त्याच वाटेने उलट आमच्या गोधड्या चालल्या होत्या. तोपर्यंत आम्ही इथे एका पातेल्यात चहा, भात आणि वरण करत होतो आणि ते पातेलं इथल्याच दुकानातलं होतं, चांगलं होतं, स्वस्त होतं, हे आईला सांगायचं नाही असं आमचं ठरलं.

सामानात सगळ्यात मोलाचं होतं खापर. मांडे करायचं मातीचं खापर, पालथं घालून त्यावर हातावर मोठी केलेली पुरणपोळी टाकायची. दोन गोधड्यांत गुंडाळून आलं, एक चीर नाही. इथे चूल नाही आणि गॅसवर ठेवलं की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलतो हा भाग वेगळा. पण अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी इथल्या एका धुळ्याच्या वहिनींनी ते दोन दिवसांसाठी मागितलं तेव्हा मी नियम काढून दाखवला, की करमाफी घेऊन आणलेली वस्तू 12 महिने विकायची नाही, गहाण ठेवायची नाही, भाड्याने द्यायची नाही आणि आधी न कळवता उसनीसुद्धा द्यायची नाही. खरंच आहे तसा नियम. वहिनी तेव्हापासून बोलत नाहीत. तुम्ही पण हाच नियम वापरा, परदेशात एकटं राहायला बरं पडतं.

आता शेवटचं आणि मुख्य, भांड्यांवर नावं टाकून घ्या. आमच्या घरातल्या जुन्या भांड्यांवर सगळा इतिहास कोरलेला आहे, मामाकडून सप्रेम भेट, वास्तुशांती, डोहाळे जेवण, खाली तारीख. कोणत्याही कस्टमवाल्याने डोळे मिटून माफी द्यावी असा ताम्रपट. ती सगळी माळ्यावर ठेवली आणि आईने नवी कोरी भांडी घेतली, 31 नग, आणि दुकानातल्या त्या टर्रर्र करणाऱ्या मशीनवर प्रत्येकावर कोरून घेतलं. डब्यावर, झाकणावर, झाऱ्यावर, चमच्यावरसुद्धा.

बंदरात आमचं खोकं उघडलं गेलं. मेल आला की स्टीलची भांडी न वापरलेली दिसतात, प्रत्येकावर काहीतरी मजकूर आहे, सोबत फोटो जोडलाय, त्याचं भाषांतर कळवावे. मी रात्री दोन वाजता इंग्रजीत लिहून दिलं, आईकडून सप्रेम भेट, अमळनेर, आणि तारीख. तारीख सामान भरायच्या नऊ दिवस आधीची होती. 20 टक्के व्हॅट लागला, आणि तो नुसत्या भांड्यांच्या किमतीवर नाही, आफ्रिकेला वळसा घालून आलेल्या भाड्याचा त्यांच्या वाट्याचा हिस्सा धरून, शिवाय खोकं जितके दिवस बंदरात पडलं त्याचं गोडाऊन भाडं वेगळं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, मग म्हणाली, "नाव टाकेल व्हतं म्हनीसन तं भेटनं, नईतं कोनीबी लई गया व्हता."