अंडं लपवायचं की ओळखायचं?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गिलेमॉटच्या अंड्यांचे रंग आणि त्यांवरच्या रेघोट्या ओळख पटवण्यासाठी असतात, असं मी लिहिलं. त्याच लेखात हा समुद्रपक्षी दरवर्षी कड्यावरच्या त्याच वीतभर जागेवर परततो, असंही लिहिलं. मग जागा ठरलेली असताना अंडं ओळखायची गरजच काय? शिवाय अंड्यांवरचे ठिपके शत्रूपासून लपण्यासाठी असतात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, मी उगाच नवीन काहीतरी सांगतोय.

जागा ठरलेली आहे, हे खरं. पण अंडं जागेवर राहत नाही! गिलेमॉट घरटं बांधतच नाही. उघड्या खडकावर एकच अंडं घालतो, आणि एका चौरस मीटरात अशा वीस-वीस जोड्या अंगाला अंग लावून उभ्या असतात. कशाने तरी दचकून सगळे एकदम उडाले की अंडी इकडची तिकडे घरंगळतात. लोकलमध्ये आपली रोजची जागा ठरलेली असते, पण रॅकवरची बॅग गर्दीत सरकत जाते आणि उतरताना ती रंगावरूनच शोधावी लागते, तसंच हे.

हा काही माझा तर्क नाही. बिआट चान्झ या स्विस संशोधकाने 1950च्या दशकात नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर अंड्यांची अदलाबदल करून पाहिलं. वेगळ्या रंगाचं अंडं गिलेमॉट नाकारायचे, आणि आपलं अंडं थोडं दूर ठेवलं तर ते चोचीने ओढत आपल्या जागी आणायचे. गंमत पुढेच आहे. कड्यावर विष्ठेचा राडा असतो, त्यामुळे अंडं रोज थोडं थोडं मळत जातं. पक्षी ते बदलतं रूपही शिकत जातो. हळूहळू माखलेलं अंडं तो आपलं म्हणून स्वीकारतो.

एक मादी जन्मभर साधारण एकाच रंग-नक्षीची अंडी घालते. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये बेम्प्टनच्या कड्यांवर दोर सोडून अंडी गोळा करणाऱ्यांना हे संशोधकांच्या आधीच कळलं होतं. अमुक कपारीत तमुक रंगाचं अंडं दरवर्षी मिळणार, आणि ते उचललं तर दोनेक आठवड्यांनी तिथेच तसंच दुसरं मिळणार, हे त्यांना पाठ होतं. हौशी संग्राहक अशा खास अंड्यांसाठी चांगले पैसे मोजत. 1954च्या कायद्याने हा धंदा बंद झाला. जागेची निष्ठा आणि अंड्याची ओळख या दोन्ही गोष्टी एकाच मादीच्या ठायी असतात, याचा याहून रोकडा पुरावा कुठला हवा?

आता शाळेतला मुद्दा. तो खोटा नाही, पण तो जमिनीवर घरटं करणाऱ्यांना लागू पडतो. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गेन आणि सहकाऱ्यांनी काळ्या डोक्याच्या कुरवांवर (म्हणजे सीगलवर) केलेलं काम 1962मध्ये प्रसिद्ध झालं. पांढरी रंगवलेली अंडी कावळ्यांनी आणि मोठ्या कुरवांनी नेहमीच्या अंड्यांपेक्षा जास्त उचलली. पिल्लू बाहेर आल्यावर फुटक्या कवचाची पांढरी आतली बाजू घरट्याचा ठावठिकाणा सांगते, म्हणून आईबाप ते कवच लांब नेऊन टाकतात. मात्र लगेच नाही. पिल्लू ओलं असेपर्यंत शेजारचा कुरवच ते गिळून टाकू शकतो, म्हणून पिसं वाळेपर्यंत कोणीतरी राखण करत बसतं. वसाहतीत राहायचं तर शेजाऱ्यावरही नजर ठेवावी लागते.

खरं तर मला अडचणीत आणायचं होतं तर तुम्ही किटिवेकचं उदाहरण द्यायला हवं होतं. हाही कुरवच, पण उभ्या कड्यावर चिखल-गवताचं पक्कं घरटं बांधणारा. तिथे शत्रू सहसा पोचत नाही, म्हणून तो कवच फेकायला जात नाही, घरट्याची कड विष्ठेने पांढरी झाली तरी त्याला फिकीर नसते. पिल्लंही तो सुरुवातीचे दिवस ओळखत नाही, कारण ती घरट्याबाहेर जाऊच शकत नाहीत. संशोधक एस्थर कलन यांनी 1957मध्ये हे सगळं तपशिलात मांडलं. तरीही किटिवेकची अंडी ठिपक्यांचीच असतात. लपायचं नाही, ओळखायचं नाही, मग ठिपके कशाला? माझ्या मते जमिनीवर घरटं करणाऱ्या पूर्वजांकडून ते आले आणि त्यांचा तोटा काही नसल्यामुळे टिकले. हे पटत नसेल तर जरूर लिहा, पण वाद इथून पुढे घालू.