बातमीत जात फक्त गरिबाचीच का?

सकाळपासून डोकं फिरलंय. कॉलनीच्या ग्रुपवर एका लोकल यूट्यूब चॅनलचा व्हिडिओ आलाय, "पारधी टोळी शहरात, सावधान!", मागं भीतीदायक म्युझिक, आणि दाखवलंय काय तर सिडकोच्या सिग्नलवर फुगे विकणाऱ्या बायका, कडेवर लेकरं. चोरी कुठं झाली, फिर्याद कुणाची, कायबी नाही. तरी सगळे फॉरवर्ड करायलेत अन् एक काका म्हणतात हाकला यांना शहराबाहेर.

होस्टेलला माझा रूम पार्टनर पारधी होता, बीडकडचा. नाव लिहीत नाही, कारण आज नोकरीच्या ठिकाणी त्यानं जात कुणाला सांगितलेली नाही. कुणाचं घड्याळ गेलं की पहिली झडती त्याच्या पेटीची. दरवेळी. नंतर नंतर तर रेक्टर यायच्या आधी तोच कुलूप काढून बाजूला उभा राहायचा.

इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो कायदा रद्द झाला. आमच्या होस्टेलला त्यानंतर पन्नास वर्षांनीही पेटी त्याचीच उघडत होती!

आपल्या राज्यातलंच घ्या ना. २००३ ला नाशिक जिल्ह्यात दरोडा, बलात्कार, खून, फार भयंकर घडलं होतं. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर धरले, २००९ ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली, आणि २०१९ ला त्याच कोर्टानं सहाही जण निर्दोष सोडले. तोवर सोळा वर्षं गेली होती. त्यातला एक तर घटनेवेळी अल्पवयीन होता. हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या फोटोंतून वेगळेच चौघं ओळखले होते, त्यांचा तपासच केला नाही कुणी. म्हणजे ज्यांचं घर उद्ध्वस्त झालं त्यांनाही न्याय नाहीच. सुटलेल्या सहा जणांना भरपाई प्रत्येकी ५ लाख.

हो, चोऱ्या होतात, कधी पारधी पोरगंही सापडतं, मान्य. मग त्या पोरावर केस करा की, अख्खी जमात कशाला ओढता? आपल्याकडं पतसंस्था, मल्टीस्टेटवाल्यांनी लोकांचे कोट्यवधी बुडवले, सोयाबीनचे पैसे, पोरींच्या लग्नाचे पैसे, तेव्हा "अमुक जातीची टोळी" असं वाचलं का कुणी? तिथं संचालक अन् चेअरमनच लिहितात.

या बायका हौसेनं सिग्नलवर येत नाहीत हो. गावात जमीन नाही, गायरानावर पाल टाकलं तर गाव उठवतं, जातीच्या दाखल्याला गेलं तर पुरावे आणा म्हणतात. माझ्या मित्राची आई पण अशीच वस्तू विकत फिरायची, त्यातून त्याची मेसची फी यायची. अन् आम्ही त्याची पेटी उचकटत होतो.

चॅनलवाल्याला फोन केला मी. म्हणे, टोळी लिहिल्याशिवाय व्ह्यूज येत नाहीत सर. त्या लेकरांचे चेहरे तरी झाक म्हणलं तर फोन कट.

लिस्टमधल्या पत्रकार मित्रांनो, फिर्याद नसताना कुणाचा चेहरा दाखवू नका, एवढं तरी तुमच्या हातात आहे. आणि त्या सहा मजुरांच्या सुटकेची बातमी तुमच्या पेपरात कितव्या पानावर होती, ते बघून कमेंटमध्ये सांगा.