शेपटीला दोर बांधून देवमासा वाचत नाही

गणपतीपुळ्याला किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाच्या पिल्लाचा व्हिडिओ गोव्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. खाली सल्ला: 'देवमासा किनाऱ्याला लागला की शेपटीला दोर बांधून बोटीने ओढा. जाळ्यात अडकला तर उडी मारून दोर कापा. जहाजांना दोष देऊ नका, तो आवाज ऐकून बाजूला होतो.' नोव्हेंबर 2023मधलं ते पिल्लू समुद्रात सोडल्यावर लगेचच मेलेलं सापडलं, हे मात्र त्यात नाही.

आधी शेपटीचं. पाठीचा कणा शेपटीपर्यंत जातो. बोटीने हिसका दिला की मणके निखळतात, दोर कातडीत रुततो. उलटं ओढल्यावर डोकं मागून फरफटत येतं आणि नाकपुड्या डोक्यावर असल्याने पाणी थेट आत शिरतं. देवमासा हवेवर जगणारा, तो गुडघाभर पाण्यातही बुडून मरू शकतो. त्यात वाळूवर स्वतःच्याच वजनाखाली स्नायू चेंगरतात, त्यातून सुटलेलं द्रव्य मूत्रपिंडं निकामी करतं. डोळ्यांदेखत पोहत गेलेला प्राणी दोन दिवसांनी पुढच्या किनाऱ्यावर मिळतो तो यामुळेच.

मग करायचं काय? जीवरक्षकाला गाठा, 112 लावा, वनखात्याला कळवायला सांगा. तोवर तो पोटावर सरळ राहील एवढं बघा. पुढच्या परांखालची वाळू उकरून खड्ड्यात पाणी भरा, पाठीवर ओली चादर घाला. चरबीच्या जाड थरामुळे उन्हात तो आतून तापतो. नाकपुड्यांवर चादर नको, बादलीतलं पाणीही नको. मास्क लावा, त्याच्या श्वासातून जंतू येऊ शकतात. शेपटीच्या टप्प्यात उभे राहू नका. सेल्फीवाल्यांना आवरणं हे यातलं सगळ्यात कठीण काम.

जाळ्याचा सल्ला तर जिवावरचा. 2017मध्ये कॅनडात एक अनुभवी बचावकर्ता देवमाशाचा दोर कापल्यावर पुढच्याच क्षणी त्याच्या फटक्याने गेला, तेही बोटीत असताना. मागे लोंबणारा दोर घाईने कापला तर अंगातला फास तसाच राहतो आणि पथकाला धरायला काही उरत नाही. प्रशिक्षित माणसं त्याच दोराला मोठे बोये (तरंगते गोळे) बांधून प्राण्याला दमवतात आणि लांब काठीच्या आकडीसुरीने फास कापतात. तुम्ही इंजिन न्यूट्रलला टाका, लांब थांबा, जीपीएसची जागा, वेळ, दिशा आणि जाळ्याच्या बोयाचा रंग टिपून तटरक्षक दलाच्या 1554 वर कळवा.

एवढा आटापिटा एका प्राण्यासाठी कशाला, असंही कोणी विचारतं. अरबी समुद्रातला हंपबॅक जातीचा देवमासा दुसऱ्या महासागरात जात नाही, वर्षभर इथेच राहतो आणि त्याचे प्रौढ 250हून कमी आहेत असा अंदाज आहे. ओमानजवळ टॅग लावलेली लुबान ही मादी 2017च्या अखेरीस समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे आली होती.

राहिली जहाजं. आवाज करणारा पंखा मागे असतो, मधे जहाजाचं अजस्र धूड. त्यामुळे ऐन नाळेसमोर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकासमोर, पाण्याच्या वरच्या थरात आवाज कमी पोचतो. चरणारा किंवा विसावलेला देवमासा हलतच नाही. 15 नॉटच्या वेगाने धडकलं तर मरण्याची शक्यता सुमारे 80 टक्के, 8.6 नॉटला 20च्या आसपास. अमेरिकेने 2008पासून राइट व्हेल या देवमाशाच्या हंगामी पट्ट्यांत मोठ्या जहाजांना 10 नॉटची मर्यादा घातली ती याच हिशेबाने. 10 नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर.