म्हणे, हायलायटरला खारीच्याच केसांचा ब्रश लागतो!

महिन्याभरात हा मेसेज मला चार जणींनी पाठवला, त्यातली एक माझी सख्खी नणंद, आणि तिने वर "वहिनी, तुझ्या कामाचं आहे बघ" असंही लिहिलं होतं. मी चिपळूणला लग्नाचे मेकअप करते त्यामुळे कामाचं तर आहेच. पण त्यात पाव भाग खरा आणि पाऊण भाग हवेतला आहे, आणि तो पाव भाग खरा असल्यामुळेच बाकीचं पण खरं वाटतं. मेसेज थोडक्यात असा: हायलायटरला, म्हणजे गालाच्या हाडावर चमक आणायला लावतात त्याला, नैसर्गिक केसांचाच ब्रश घ्या, जितका मऊ तितका चांगला आणि सगळ्यात मऊ खारीचा, सिंथेटिक ब्रश पावडर उचलतच नाही, नैसर्गिक ब्रश धुवायचा नसतो आणि तो जन्मभर टिकतो, ब्रशवर सेटिंग स्प्रे (मेकअप टिकवायला मारतात तो) मारला की डबल चमक, आणि प्राण्यांची काळजी नको, केस नुसते विंचरून काढतात.

"जितका मऊ तितका चांगला" पासूनच धरते, कारण याच वाक्यावर मी स्वतः पैसे घालवलेत.

ब्रशला दोन कामं असतात, डबीतून पावडर उचलायची आणि गालावर सोडायची. सोडायला मऊपणा लागतो हे मान्य. पण उचलायला केसाला थोडा दम लागतो, दाबला तर परत उभा राहणारा. खारीचा केस एकदम बारीक, टोकाला निमुळता, गालाला लागला तर कळतही नाही, पण त्याला स्प्रिंग म्हणून नाही. पावडर लोण्यासारखी मऊ, एकदम बारीक दळलेली असेल तर तो तिचा पातळसा पदर उचलतो आणि इतका सुंदर लावतो की काय सांगू, कडा दिसतच नाहीत. मात्र हायलायटर बेक्ड असेल, म्हणजे ओला लगदा मातीच्या छोट्या टाइलवर भट्टीत सुकवलेला, तर वरचा थर कडक असतो आणि त्यावर खारीचा ब्रश म्हणजे फरशीवर मोरपीस. माझं अगदी हेच झालं. नवा कोरा ग्रे स्क्विरल, म्हणजे करड्या खारीचा ब्रश, नवरी समोर, मी चार वेळा फिरवला आणि नवरीची आई मागून म्हणाली, "अगं लावतेयस ना?" मग मी जोर केला, केस आडवे झाले, दोन तुटून तिच्या गालावर चिकटले आणि ते चिमट्याने काढताना फाउंडेशन पण गेलं. बाहेर भटजी घाई करतायत, मुंडावळ्या बांधायला मामी दारात उभ्या, आणि मी दोन केस शोधतेय.

चूक ब्रशची नव्हती बरं का, जोडीची होती. त्याच ब्रशने घरी मऊ सॅटिन पावडर लावते तेव्हा तो माझा सगळ्यात लाडका.

अशा कडक पावडरीला बकरीचा केस बरा. तो खारीपेक्षा जाड, थोडा खरखरीत, दाबला की परत उठतो. आता बकरी म्हटलं की लोकांना टोचणारा ब्रश आठवतो, पण बकरी म्हणजे एकच केस नाही. जपानी कारागीर तो अंगाच्या कुठल्या भागाचा आहे ते बघून प्रती लावतात, त्यातली सगळ्यात तलम प्रत सैकोहो, तिच्याहून जरा भरड सोकोहो. सैकोहोचा ब्रश डोळे मिटून गालावर फिरवला तर कित्येकींना बकरीचा आहे हे पटत नाही.

आणि टोचतो तो ब्रश का टोचतो, तर केसांची टोकं कापलेली असतात म्हणून. जपानात हिरोशिमाजवळ कुमानो म्हणून गाव आहे, देशातले साधारण ८० टक्के ब्रश तिथे बनतात. तिथली मंडळी मूळची शेतकरी, शेतीची कामं नसली की जपानातल्याच नारा भागाकडे मजुरीला जायची आणि येताना तिथले लिहायचे कुंचले आणि शाई घेऊन वाटेत विकत यायची, पुढे स्वतःच करायला शिकली. महायुद्धानंतर शाळांमधून कुंचल्याने लिहायचा विषय मागे पडला तेव्हा याच हातांनी चित्रांचे आणि मेकअपचे ब्रश करायला घेतले. २०११ ला जपानच्या पोरींनी फुटबॉलचा वर्ल्डकप आणला तेव्हा सरकारने सन्मानाबरोबर त्यांना कुमानोचे मेकअप ब्रश दिले होते, आपल्याकडे शाल-श्रीफळ देतात तसं! तर मुद्दा असा की चांगल्या ब्रशला तिथे कात्री लावून आकार देत नाहीत, केसांची मूळ टोकं तशीच ठेवून लाकडी साच्यात बसवून आकार आणतात. केस टोकाला नैसर्गिकच निमुळता होतो, मऊपणा त्या टोकात असतो. कात्री लावली की ते गेलं, मग हातावर रेझर फिरवल्यावर दोन दिवसांनी जे खुंट येतात तसं. म्हणून दुकानात "हाताच्या पाठीवर फिरवून बघा" म्हणतात ती टेस्ट अर्धीच. गालावर उभा टेकवा आणि हलकेच दाबा, टोचतोय का आणि सोडल्यावर परत उभा राहतोय का, दोन्ही बघा. आणि मूठभर केस ओढू नका हो, दुकानदाराने हाकलून दिलं तर मला सांगू नका.

अजून एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. हायलायटरची चमक म्हणजे बहुतेक वेळा अभ्रक, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ लेप. कण बारीक असेल तर रेशमासारखी सलग झळाळी, मोठा असेल तर एकेक ठिपका वेगळा चमकतो. मोठ्या कणांच्या पावडरीला घट्ट भरलेला ब्रश घेतला तर कण एका जागी चेपले जातात आणि गालावरची रंध्रं, मुरमांचे खड्डे सगळं लाइटखाली उठून दिसतं. तिथे विरळ भरलेला, मेणबत्तीच्या ज्योतीसारखा टोकदार ब्रश चांगला. म्हणजे केस कुणाचा याच्याइतकंच, किती दाटीने भरलाय ते महत्त्वाचं. धरायचा दांडीच्या शेवटाला, एकदा झटकायचा, गालाच्या हाडावर नुसता टेकवत न्यायचा. भांडं घासल्यासारखं गोल गोल करायचं नाही. पंख्यासारखा फॅन ब्रश दिसतो छान, पण मला त्याने पट्टा उठतो, ज्यांना जमतं त्यांनी वापरावा.

"सिंथेटिक पावडर उचलतच नाही." हे वीसेक वर्षांपूर्वी म्हणाला असतात तर मी मान डोलावली असती. प्राण्याच्या केसावर बारीक खवले असतात, आपल्या केसावर असतात तसेच, त्यात पावडर अडकते; जुना नायलॉनचा धागा गुळगुळीत, त्यावरून पावडर घसरायची. आता पीबीटी नावाच्या प्लास्टिकचे धागे येतात, टोकाला निमुळते केलेले, काही मुद्दाम नागमोडी, आणि ते हायलायटर व्यवस्थित उचलतात. चांगल्या बकरीच्या ब्रशइतकं एकसारखं पसरवतात का, तर माझ्या हाताला थोडा फरक जाणवतो. फोटोत कुणी ओळखून दाखवावा. आणि कामावर तर मी सिंथेटिकच वापरते कारण एका लग्नात नवरी, करवली, नवरीची आई आणि दोन आत्या एवढे चेहरे असतात, दोन चेहऱ्यांच्या मध्ये ब्रशवर अल्कोहोल मारावंच लागतं, ते खऱ्या केसावर रोज मारलं तर केस गवतासारखा होतो. कुणी मेकअपवाली एकच खारीचा ब्रश पाच जणींना न पुसता लावत असेल तर तो ब्रश कितीही भारी असो, तुम्ही आपला चेहरा बाजूला घ्या.

यातूनच "धुवायचा नसतो" वर येते. हे अर्धं खरं. जपानी ब्रशवाले सारखं धुवू नका असंच सांगतात, वापरून झाला की टिश्यूवर किंवा मऊ कापडावर फिरवून पावडर काढा म्हणतात. पण सारखं नको म्हणजे कधीच नको असं होतं का? गालावरचं तेल केसांच्या टोकाला बसतं, तेच तेल डबीत उतरतं, आणि मग हायलायटरवर तो चकचकीत कडक डाग येतो ज्यातून काहीच उठत नाही आणि आपण कंपनीला शिव्या देतो. घरचा एकटीचा ब्रश असेल तर पावडर नीट बसेनाशी झाली, टोकं चिकट लागली की धुवा. कोमट नाही, साधं पाणी, सौम्य शाम्पूचा एक थेंब, तळहातावर अलगद, पाणी केस धरणाऱ्या धातूच्या पट्टीत जाऊ न देता, कारण आत डिंक असतो आणि तो सुटला की केस गळतात. पिळायचा नाही. आडवा किंवा टोक खाली ठेवून वाळवायचा. हेअर ड्रायर नको.

"जन्मभर टिकतो." आमच्या कोकणात या म्हणावं! खरा केस म्हणजे केराटिन, लोकरीसारखंच, आणि ज्याला लोकर आवडते त्याला ब्रशही आवडतो. माझ्या एका ब्रशला कपाटात कसर लागली, पावसाळ्यात चार महिने डबीत बंद होता, गणपतीनंतर काढला तर एका बाजूचे केस अर्धेच. दुसऱ्याला बुरशीचा वास. सिंथेटिकला कुणी खात नाही, एवढं तरी पुण्य त्याच्या पदरी आहे. खरा ब्रश घ्याल तर पूर्ण वाळवून, हवा खेळेल अशा जागी ठेवा, पावसात अधूनमधून बाहेर काढा.

स्प्रे मारायचं म्हणाल तर नैसर्गिक केसावर नकोच. केस ओले होऊन चिकटतात, पावडरीचा चिखल होतो, खारीचा ब्रश असेल तर संपलाच. ओली चमक हवी असेल, क्रीम किंवा लिक्विड हायलायटर असेल, तर सिंथेटिक, नाहीतर सरळ बोट. बोटाची ऊब क्रीमला फार छान मऊ करते आणि ते फुकट असतं.

आता "केस विंचरून काढतात". हे ज्याने लिहिलं त्याने खार विंचरून दाखवावी. ही खार म्हणजे आपल्या अंगणातली, रामाने पाठीवर बोटं फिरवलेली नव्हे. ती थंड देशातली, रशियाकडची वगैरे, आणि तिचे केस बहुतेक शेपटीचे, फरच्या व्यापारातून येतात. म्हणजे मेलेल्या जनावराचे. बकरीचा केस बहुतांश चीनमधून येतो, तिथे मांस-कातड्यासाठी जनावर पाळतात, केस त्याच्यासोबत निघतो. माझ्याकडे खारीचे दोन ब्रश आहेत त्यामुळे मी कुणाला शहाणपण शिकवत नाही, मटण मीही खाते. पण घ्यायचा तर काय घेतोय ते माहीत असून घ्यावा, विंचरायची गोष्ट सांगून नाही.

आणि आपल्याकडे तर नाव विचारणं जास्तच गरजेचं आहे. चित्रकारांच्या ब्रशसाठी मुंगसं मारायचा धंदा भारतात वर्षानुवर्षं चाललाय, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी असूनही, आणि २०१९ ला वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने कितीतरी ठिकाणी छापे टाकले होते. ते रंगाचे ब्रश होते, मेकअपचे नाही, हे कबूल. पण "नॅचरल हेअर" एवढंच छापलेला, प्राण्याचं नाव नसलेला ब्रश बघितला की मला तेच आठवतं. घरी आधीच असा ब्रश असेल तर गळलेला एक केस चिमट्यात धरून जाळून बघा, खरा असेल तर केस जळाल्याचा घाण वास आणि चुरा होणारी राख, सिंथेटिक असेल तर वितळून टोकाला कडक मणी. प्राणी कोण ते मात्र यातून कळत नाही, ते विकणाऱ्यालाच विचारायचं.

मी विचारलं होतं एकदा, मुंबईला, सामान घ्यायला गेले तेव्हा. "दादा, हा कुठल्या प्राण्याचा?" त्याने ब्रश उलटा केला, दांडी वाचली, परत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, इम्पोर्टेड प्राणी आहे."