पुढारलेला कॅथलिक व्हायचंय?

नाशिकरोडला राहून मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, अजून गुडघे टेकत असाल, तर आधी ते बंद करा. पँटची इस्त्री मोडते.

मग एक शब्द घोकून ठेवा, 'परिषद'. कोणी काही विचारलं की म्हणायचं, "दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं बदललं ते." जगभरच्या कॅथलिक बिशपांची ही सभा १९६२ ते १९६५ चालली, सोळा दस्तऐवज निघाले. ते वाचायचे मात्र नाहीत, एवढं पथ्य पाळा. चुकून उपासनेवरचा १९६३ चा उघडलात तर पंचाईत. लॅटिनचा वापर राखावा, ग्रेगोरियन गायनाला पहिला मान द्यावा, असं त्यातच लिहिलंय. मग रविवारी कीबोर्डवर वाजतो तो गरब्याचा ठेका कुठल्या परिच्छेदातला, हे शोधत बसा! त्यापेक्षा 'परिषदेचा आत्मा' म्हणावं. आत्म्याला परिच्छेद नसतात.

लॅटिन मलाही येत नाही, खोटं कशाला बोला. आजीलाही येत नव्हतं. पण 'आग्नुस देई', म्हणजे 'देवाच्या कोकरा', ही प्रार्थना आली की तिचा हात आपोआप छातीवर पडायचा. आता तेच मराठीत म्हणतो, शब्द न् शब्द कळतो, आणि माझं सगळं लक्ष प्रोजेक्टरवरची अडकलेली स्लाइड कधी सरकते याच्याकडे.

'पाप' म्हणू नका, 'ताण' म्हणा. पोप दहावे पायस यांनी १९०७ मध्ये आधुनिकतावादाला, म्हणजे श्रद्धेची शिकवण काळाप्रमाणे बदलते या विचाराला, सगळ्या पाखंडांचा संगम म्हटलं होतं. संगमाला आपण गोदाकाठच्यांनी काय भ्यायचं? १९१० पासून धर्मगुरूंना त्याविरुद्ध शपथ घ्यावी लागे, १९६७ मध्ये ती शपथच गेली. दुखणं गेलं की नाही ते कोणी तपासलं नाही.

पापनिवेदनाची पेटी मोडू नका, उपयोगी असते. आमच्याकडच्या पेटीत जाळीला टेकून स्पीकरचे स्टँड आहेत, खाली नाताळच्या गोठ्यातलं गवत आणि मान तुटलेला उंट.

कोणी जुन्या, परिषदेपूर्वीच्या लॅटिन मिस्सेचा विषय काढलाच, तर २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी दिलेली मोकळीक हे त्यांचं वैयक्तिक मत समजायचं, आणि २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी घातलेले निर्बंध ही आज्ञा.

फेब्रुवारीत नाशिकरोडच्याच बाळ येशूच्या यात्रेला जरूर जा. लासलगावकडची एखादी बाई चपला बाहेर काढून, पदर सावरून फरशीवर डोकं टेकताना दिसेल. कॅथलिक असेलच असं नाही. तिला हळूच सांगा, बाई, आता याची गरज राहिली नाही. फक्त सांगताना आपला बूट तिच्या पदरावर पडणार नाही, तेवढं बघा.